कूटचिप आणि उत्क्रांतीचा अल्गोरिदम : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

मागच्या अंकात जेनेटिक अल्गोरिदमवर लेख होता. संभाव्य उत्तरांचा एक गट (पॉप्युलेशन) घ्यायचा, त्यात लहानसहान बदल करायचे, प्रत्येकाला गुण (फिटनेस) देऊन बरी उत्तरे ठेवायची आणि हे चक्र हजारो वेळा फिरवायचे, अशी त्याची मांडणी होती. त्यावर आलेल्या पत्रांतून एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला. बँकेचे कार्ड, सिमकार्ड, स्मार्ट मीटर यांच्या पोटात कूटलेखनाची जी सर्किटे असतात ती या पद्धतीने घडवता येतील का? निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आठ बिटांचा एस-बॉक्स (कूटलेखनात एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवणारा तक्ता) जेनेटिक अल्गोरिदमने शोधण्याचा प्रकल्प मी करते आहे. फिटनेस म्हणून नॉनलिनिअ‍ॅरिटी (तक्ता रेषीय सूत्रांपासून किती दूर आहे त्याचे माप) घेतली आहे. आकडा सुरुवातीला भराभर वाढतो आणि ९८ वर येऊन थांबतो. पॉप्युलेशन ५० ची ५०० केली तरी फरक नाही. एईएस या प्रमाणित सायफरच्या (कूटलेखन पद्धतीच्या) एस-बॉक्सला ११२ मिळतात असे वाचले. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे का?
— विद्यार्थिनी, संगणक अभियांत्रिकी, सांगली

उत्तर : प्रोग्रॅम बहुधा बरोबर आहे, गुण देण्याची पद्धत कमी पडते आहे. पण आधी प्रोग्रॅमची खात्री करून घ्या. त्याला एईएसचाच एस-बॉक्स द्या. नॉनलिनिअ‍ॅरिटी ११२, डिफरन्शियल युनिफॉर्मिटी ४ आणि बैजिक घात ७ असे तीन आकडे आले पाहिजेत. यातला एकही चुकला तर पुढे जाऊ नका.

आता ९८ चे बघू. एस-बॉक्स म्हणजे २५६ खणांचा तक्ता, ज्यात ० ते २५५ यातला प्रत्येक आकडा एकदाच येतो. त्याच्या वॉल्श तक्त्यात २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ आकडे असतात : इनपुटचे आणि आउटपुटचे कोणते बिट धरायचे ते सांगणाऱ्या आकड्यांच्या (इनपुट-मास्क आणि आउटपुट-मास्क) प्रत्येक जोडीला एक. शून्य आउटपुट-मास्कचा भाग वगळून त्यातला सर्वात मोठा निरपेक्ष आकडा घ्यायचा, त्याची निमपट करायची आणि १२८ मधून वजा करायची. एईएसमध्ये सर्वात मोठा आकडा ३२ आहे, म्हणून १२८ उणे १६, म्हणजे ११२. तुमच्याकडे तो ६० वर अडकला आहे.

एस-बॉक्समधल्या दोन खणांची अदलाबदल केली की वॉल्श तक्त्यातला प्रत्येक आकडा एकतर जागच्या जागी राहतो किंवा बरोबर ४ ने वर-खाली होतो. म्हणजे एका अदलाबदलीत नॉनलिनिअ‍ॅरिटी फार तर २ ने बदलते, आणि बहुतेक वेळा मुळीच बदलत नाही. समजा दोन एस-बॉक्स आहेत आणि दोघांचे गुण ९८ आहेत. पहिल्यात ६० हा आकडा तीन ठिकाणी आहे, दुसऱ्यात चाळीस ठिकाणी. पहिला सुधारणेच्या अगदी जवळ आहे, दुसरा लांब. तुमच्या फिटनेसला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. सपाट माळावर चढ कुठे आहे ते कळत नाही, मग तिथे माणसे ५० उभी करा नाहीतर ५००.

यावर क्लार्क, जेकब आणि स्टेपनी यांनी वापरलेला उपाय आजही चांगला चालतो. फक्त सर्वात मोठा आकडा न बघता सगळ्या ६५,५३६ आकड्यांची बेरीज घ्यायची : प्रत्येक आकड्याच्या निरपेक्ष किमतीतून एक स्थिरांक वजा करायचा, आलेल्या फरकाची निरपेक्ष किंमत घ्यायची, तिचा तिसरा घात करायचा आणि सगळ्यांची बेरीज कमीत कमी करायची. स्थिरांक वेगवेगळा ठेवून चार-पाच वेळा चालवून बघावे लागते. इथे एक खड्डा आहे. स्थिरांक शून्य आणि घात दोन ठेवलात तर ही बेरीज कधीच बदलणार नाही, कारण प्रत्येक आउटपुट-मास्कसाठी वॉल्श आकड्यांच्या वर्गांची बेरीज ठरलेलीच असते : ६५,५३६. पार्सेव्हालचा नियम तो हाच. प्रोग्रॅम दिवसभर फिरतो आणि आलेख सरळ रेषा दाखवतो, तेव्हा आधी हे तपासा.

वेगासाठी : प्रत्येक अदलाबदलीनंतर सगळा वॉल्श तक्ता नव्याने काढू नका. २५६ पैकी १२८ आउटपुट-मास्क आणि १२८ इनपुट-मास्क यांच्या छेदातलेच आकडे बदलतात, म्हणजे १६,३८४. बाकी तीन चतुर्थांश तक्ता तसाच राहतो.

क्रॉसओव्हर काढून टाका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. दोन चांगल्या एस-बॉक्सचे तुकडे जोडले की आकड्यांची पुनरावृत्ती होते. ती दुरुस्त करण्यासाठी पीएमएक्ससारखी पद्धत वापरली की दोघांचेही गुण विस्कटतात, आणि मूल, म्हणजे त्यातून तयार झालेले नवे उत्तर, साधारण यादृच्छिक एस-बॉक्सच्या पातळीवर येते. नुसती अदलाबदल, छोटी पॉप्युलेशन आणि शेवटी हिल क्लाइंबिंग (गुण सुधारणारेच बदल ठेवत जाणे) एवढ्यावर १०२ आणि चिकाटीने १०४ पर्यंत जाता येते.

११२ चा नाद मात्र सोडा. शोधाचा अवकाश २५६ फॅक्टोरियल, म्हणजे ५०७ अंकी संख्या आहे. एईएसचा एस-बॉक्स शोधून सापडलेला नाही. तो २५६ घटकांच्या गणिती क्षेत्रातल्या (फील्ड) व्यस्तावर उभा आहे आणि त्या रचनेचे गुणधर्म कैसा न्युबर्ग यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले होते. शून्यातून निघालेला शोध तिथे पोहोचत नाही, आणि १०४ चा एस-बॉक्स 'नवा' म्हणून खऱ्या चिपमध्ये घालण्यात काही अर्थ नाही.

प्रकल्प वाचवायचा असेल तर प्रश्नच बदला. व्यस्त तसाच ठेवा आणि त्याच्या मागेपुढे लावायचे रेषीय मॅट्रिक्स उत्क्रांतीने शोधा. असे ८ गुणिले ८ चे उलटवता येणारे मॅट्रिक्स सुमारे ५.३ गुणिले १० चा १८ वा घात इतके आहेत. त्यातला कुठलाही घेतला तरी ११२ आणि ४ हे दोन्ही आकडे हलत नाहीत. गेटची संख्या मात्र हलते. सुरक्षेची बाजू गणिताने बांधलेली आणि खर्चाची बाजू शोधावर सोडलेली, अशी ही वाटणी आहे. उत्क्रांतीकडून काम करून घेण्याची हीच योग्य जागा आम्हाला वाटते.

प्रश्न : एका चिप डिझाइन कंपनीत आरटीएलवर (सर्किटचे कोडमधले वर्णन) काम करतो. छोट्या सेन्सरसाठी हलका सायफर बसवायचा आहे. एस-बॉक्सची गेट कमी करायला कार्टेशियन जेनेटिक प्रोग्रॅमिंग वापरावे असे सुचवले गेले. सुरुवात कशी करावी?
— अभियंता, पुणे

उत्तर : ज्युलियन मिलर यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत सर्किटसाठी अगदी नैसर्गिक आहे, कारण तिचा जीनोम म्हणजेच नेटलिस्ट (गेट आणि त्यांच्या जोडण्यांची यादी). प्रत्येक नोडला तीन आकडे : गेटचा प्रकार आणि दोन इनपुट कुठून येतात ते. शेवटी आउटपुट कुठल्या नोडवरून घ्यायचे याचे आकडे.

चार बिटांच्या एस-बॉक्ससाठी एक ओळ आणि ५० ते ८० नोड घ्या. गेट फक्त अँड, एक्सॉर आणि नॉट ठेवा. एक पालक आणि चार मुले पुरतात. मुलाचे गुण पालकाइतकेच असले तरी मुलालाच पुढे न्या. कोडमधली ही एक ओळ विसरली की शोध ठप्प होतो, कारण वापरात नसलेल्या नोडमधले बदल त्यामुळेच साठत जातात आणि पुढे उपयोगी पडतात. प्रत्येक पिढीत जीनोममधले दोन-तीन आकडे बदलले तर बस्स.

गुण दोन टप्प्यांत द्या. सत्यता-तक्त्याच्या १६ ओळी गुणिले ४ आउटपुट, म्हणजे ६४ बिट. ते सगळे जुळेपर्यंत जुळलेले बिट मोजा. ६४ पैकी ६४ झाले की मगच गेट मोजायला लागा, आणि तीही आउटपुटपासून मागे जात ज्यांच्यापर्यंत पोहोचता येते तेवढीच. दोन्ही गोष्टी पहिल्यापासून एकत्र मिसळल्या तर अल्गोरिदमला एक सोपी पळवाट सापडते : गेट शून्य आणि आउटपुट अर्धे बरोबर.

मोजमापासाठी प्रेझेंट सायफरचा एस-बॉक्स घ्या. तो २००७ चा आहे आणि त्याच्यासाठी १४ गेटचे सर्किट माहीत आहे, ज्यात अरेषीय गेट फक्त ४ आहेत. तुमचा प्रोग्रॅम १६-१७ च्या आसपास पोहोचला तर मांडणी ठीक आहे. १४ च्या खाली गेला तर आनंद करण्याआधी सत्यता-तक्ता पुन्हा तपासा.

आठ बिटांसाठी शून्यातून सुरुवात करू नका. तिथे २,०४८ बिट जुळवायचे असतात आणि शेवटचे काही बिट कधीच जुळत नाहीत. बोयार आणि पेराल्टा यांचे एईएस एस-बॉक्सचे ११५ गेटचे सर्किट, ज्यात ३२ अँड आहेत, बीज म्हणून घाला आणि एकही बिट बिघडवणारे मूल तिथल्या तिथे टाकून द्या. २५६ ओळींचा एक सिग्नल ६४ बिटांच्या चार शब्दांत मावतो. त्यामुळे एका गेटसाठी प्रोसेसरच्या चार सूचना पुरतात आणि अख्खे सर्किट मायक्रोसेकंदाच्या आत तपासून होते.

गेटची नुसती संख्या मोजणे मात्र पुरेसे नाही. चिपच्या वीजवापरावरून गुप्त कळ (की) गळू नये म्हणून मास्किंग करावेच लागते, म्हणजे प्रत्येक बिट दोन यादृच्छिक शेअरमध्ये फोडावा लागतो. मग एक्सॉरच्या जागी दोन एक्सॉर येतात, एवढेच. अँडच्या जागी मात्र चार अँड, चार एक्सॉर, एक ताजा यादृच्छिक बिट आणि डीओएम (डोमेन-ओरिएंटेड मास्किंग) पद्धत असेल तर किमान दोन फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारी सर्किटे) येतात. एका फ्लिप-फ्लॉपला पाच-सहा नँड गेटइतकी जागा लागते. म्हणून फिटनेसमध्ये अँडला एक्सॉरच्या कितीतरी पट वजन द्या. शिवाय इनपुट ते आउटपुट वाटेत एकामागे एक किती अँड येतात तेही मोजा, कारण तशा प्रत्येक पायरीला एक क्लॉक सायकल जाते.

आणि उत्क्रांतीने सापडलेले सर्किट छोटे असते, 'सर्वात छोटे' असल्याची सिद्धता त्यात नसते. चार बिटांपुरती ती सिद्धता सॅट सॉल्व्हरकडून (तर्कसूत्रे सोडवणारा प्रोग्रॅम) मिळवता येते.

प्रश्न : जागा, वीज, वेग आणि गळती या चारही गोष्टींना वजने देऊन एकच फिटनेस करावा की एनएसजीए-टू वापरावा?
— संशोधक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : एनएसजीए-टू. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी घडवलेली, अनेक उद्दिष्टे वेगवेगळी ठेवून शोधणारी ही पद्धत २००२ पासून या क्षेत्राची रोजची भाकरी आहे. वजने दिली की गळतीतला तोटा जागेतल्या फायद्याने भरून निघतो, आणि सुरक्षेत ही देवाणघेवाण नको असते. पण चारही गोष्टी उद्दिष्टे म्हणून घालू नका. गळती ही अट ठेवा : अट मोडणारे सर्किट कितीही छोटे असो, अट पाळणाऱ्याच्या खालीच राहील. उरलेली तीन उद्दिष्टे पुरेत.

प्रश्न : मास्किंग केलेले अँड गेटचे सर्किट उत्क्रांतीने आणखी छोटे केले. सत्यता-तक्ता बरोबर, सिम्युलेशन बरोबर, आउटपुटचे शेअरही यादृच्छिक दिसतात. एफपीजीएवर (हवे ते सर्किट भरता येणारी चिप) घालून पॉवर ट्रेस (वीजवापराच्या नोंदी) घेतले तर काही हजार ट्रेसमध्येच गळती तपासणारी टी-चाचणी ४.५ ची रेषा ओलांडते. हे कसे?
— एम.टेक. विद्यार्थी, बंगळूर

उत्तर : तुमचे पत्र आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटले, कारण या विषयातली मुख्य अडचण त्यात पुरती सापडते. अल्गोरिदमने तुम्ही मागितले तेच दिले आहे. मागण्यात एक गोष्ट राहून गेली.

गुप्त बिट क आणि ख. क चे शेअर क० आणि क१, ख चे शेअर ख० आणि ख१, ताजा यादृच्छिक बिट र. आउटपुटच्या पहिल्या शेअरचे सूत्र असे :

(क० अँड ख०) एक्सॉर [ (क० अँड ख१) एक्सॉर र ]

यात दोन अँड आणि दोन एक्सॉर आहेत. जागा कमी करायला निघालेला कुठलाही अल्गोरिदम यातून क० बाहेर काढतो :

[ क० अँड (ख० एक्सॉर ख१) ] एक्सॉर र

एक अँड वाचले. सत्यता-तक्ता तोच, आउटपुट तितकेच यादृच्छिक. पण कंसातली तार बघा : ख० एक्सॉर ख१ म्हणजे खुद्द ख. जो बिट लपवण्यासाठी सगळा खटाटोप केला तो उघडा होऊन एका तारेवर धावतो आहे, आणि त्या तारेचे चढउतार वीजवापरात दिसतात.

म्हणून फिटनेसने आतली प्रत्येक तार तपासायला हवी. हे अवघड नाही. इनपुट पाच बिट आहेत, म्हणजे ३२ ओळी. क आणि ख यांच्या चार शक्यता, प्रत्येकीच्या वाट्याला ८ ओळी. प्रत्येक तारेवर त्या ८ ओळींत किती वेळा १ येतो ते मोजा. चारही गटांत हा आकडा सारखाच आला पाहिजे. क० अँड ख० या तारेवर चारही गटांत २ येतात, म्हणजे ठीक. ख० एक्सॉर ख१ वर ख शून्य असताना ० आणि एक असताना ८ येतात, म्हणजे ते सर्किट रद्द.

एवढे करूनही एफपीजीएवर गळती राहू शकते आणि त्याचे कारण ग्लिच. सत्यता-तक्त्यात प्रत्येक गेट क्षणात स्थिर होते. खऱ्या चिपमध्ये र उशिरा पोहोचला, तर मधल्या काही पिकोसेकंदांत क० अँड ख० आणि क० अँड ख१ यांचा एक्सॉर र शिवायच तयार होतो. मँगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की मास्किंग केलेली सीमॉस सर्किटे नेमकी या क्षणिक हालचालींतून फुटतात. त्यावर निकोव्हा, रेखबर्गर आणि रायमेन यांचे थ्रेशोल्ड इम्प्लिमेंटेशन हे बचावाचे तंत्र २००६ मध्ये आले आणि डीओएम २०१६ मध्ये. डीओएममध्ये वेगवेगळ्या क्रमांकांचे शेअर एकत्र येणाऱ्या गुणाकारात आधी र मिसळतात, मग तो निकाल फ्लिप-फ्लॉपमध्ये थांबवतात, आणि पुढच्या सायकलमध्येच तो बाकीच्यांना भेटतो.

फिटनेसमध्ये याचा अर्थ असा : एखादी तार तपासताना तिच्यावरची एकच किंमत न बघता, तिच्या मागे जात पहिल्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत जे जे सिग्नल येऊन मिळतात ते सगळे हल्लेखोराला एकाच वेळी दिसतात असे धरा. त्या सगळ्यांची मिळून वाटणी क आणि ख वर अवलंबून नसावी. शोध चालू असताना ही तपासणी स्वतःच्या कोडने करा, पण शेवटी निवडलेले सर्किट मास्कव्हेरिफ किंवा सिल्व्हर यांसारख्या वेगळ्या साधनातून काढा. ज्या कोडने गुण दिले त्याच कोडने पास केले तर कोडमधली चूक दोन्हीकडे सारखीच लपते. उत्क्रांती अशा चुका शोधून काढण्यात फार तरबेज असते.

आता सिंथेसिसकडे, म्हणजे आरटीएलमधून गेट तयार करण्याच्या पायरीकडे वळा. तुमचे आरटीएल निर्दोष असले तरी सिंथेसिसचे साधन वरचीच फोड स्वतः करते, कारण त्याचेही काम जागा वाचवणे हेच. व्हिव्हाडो या सिंथेसिसच्या साधनात प्रत्येक शेअरच्या मॉड्युलवर डोंट-टच आणि कीप-हायरार्की लावा, रीटायमिंग बंद ठेवा, आणि सिंथेसिसनंतरची नेटलिस्ट उघडून एकाच लटमध्ये (एफपीजीएतला छोटा लुकअप टेबल) एका बिटाचे दोन्ही शेअर शिरले नाहीत ना ते बघा. लट एफपीजीएवर चार-सहा सिग्नल एकदम गिळते, त्यामुळे हे हमखास घडते.

शेवटी मोजणीचा क्रम. आधी यादृच्छिक बिट बंद करून, म्हणजे र आणि मास्क शून्य ठेवून, टी-चाचणी चालवा. गळती लख्ख दिसली पाहिजे. दिसली नाही तर प्रोब, ट्रिगर किंवा सॅम्पलिंगमध्ये घोळ आहे, आणि पुढचा 'सुरक्षित' निकाल कवडीमोलाचा ठरतो. मग मास्क चालू करा. ठरलेला डेटा आणि यादृच्छिक डेटा यांचे ट्रेस आळीपाळीने न घेता नाणेफेकीसारखे मिसळून घ्या, नाहीतर बोर्ड तापल्याचा फरकही गळती म्हणून मोजला जाईल.

प्रश्न : सेल्युलर ऑटोमाटाचे (शेजाऱ्यांच्या स्थितीवरून बदलणाऱ्या पेशींची रांग) नियम उत्क्रांतीने शोधून रँडम नंबर जनरेटर बनवला. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या १५ चाचण्यांचा संच तो पार करतो. कळ तयार करायला वापरता येईल का?
— शिक्षक, मडगाव

उत्तर : नाही. पायचे अंकही अशा चाचण्या पार करतात, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहेत. संख्याशास्त्रीय चाचणी ओळ अस्ताव्यस्त आहे का एवढेच सांगते. पुढचा बिट हल्लेखोराला कळेल का, हे ती विचारतच नाही. सिपर आणि टोमासिनी यांनी १९९६ मध्ये असे ऑटोमाटा उत्क्रांतीने घडवले होते आणि सिम्युलेशनसाठी असा जनरेटर उत्तमच. पण वुल्फ्रम यांनी कूटलेखनासाठी सुचवलेला ३० क्रमांकाचा नियम चाचण्यांत देखणा दिसत असूनही मायर आणि श्टाफेलबाख यांनी १९९१ मध्ये फोडला.

कळीसाठी भौतिक गोंगाट हवा, उदाहरणार्थ रिंग ऑसिलेटरमधला जिटर, आणि त्यातून किती एंट्रोपी येते याचे गणिती मॉडेल हवे. निस्टचे ८००-९०बी हे मानकही एंट्रोपीचा अंदाज आणि त्यामागचे कारण मागते. त्यापुढे हॅश किंवा एईएसवर चालणारा प्रमाणित जनरेटर लावा. उत्क्रांतीला या वाटेत जागा नाही, आणि ती शोधत बसू नये.

प्रश्न : एफपीजीएवर थेट उत्क्रांत केलेले सर्किट त्या एकाच चिपवर चालते असे वाचले. हा गुण चिपची ओळख म्हणून वापरता येईल का?
— निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही वाचले ते एड्रियन थॉम्पसन यांचे १९९६ चे काम. झायलिंक्सच्या एक्ससी६२१६ या चिपचा १० गुणिले १० पेशींचा कोपरा, १,८०० कॉन्फिगरेशन बिट, क्लॉक नाही, आणि काम १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे स्वर वेगळे ओळखण्याचे. सर्किट जमले. पण काही पेशी आउटपुटला कुठेच जोडलेल्या नसताना त्या गोठवल्या की काम बिघडत होते, आणि तेच सर्किट त्याच चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवले की कामगिरी घसरत होती. उत्क्रांतीने सिलिकॉनमधल्या बारीकसारीक अ‍ॅनालॉग गुणांचा आधार घेतला होता.

ओळखीसाठी तापमानाने आणि व्होल्टेजने हलणारा आधार चालत नाही. त्यासाठी पफ नावाची, प्रत्येक चिपमधल्या सूक्ष्म फरकांवरून ओळख देणारी वेगळी सर्किटे आहेत. उदाहरणार्थ, आर्बिटर पफमध्ये दोन सारख्या वाटांवरून एक सिग्नल सोडतात आणि कुठला आधी पोहोचला त्यावरून एक बिट मिळतो. ६४ टप्प्यांच्या अशा पफचे गणिती मॉडेल ६५ आकड्यांत मावते, म्हणून तो सहज शिकून घेता येतो. बचाव म्हणून अनेक पफांची उत्तरे एक्सॉर करतात.

आणि इथे उत्क्रांती हल्लेखोराच्या बाजूने उभी राहते. गेऑर्ग बेकर यांनी २०१५ मध्ये सीएमए-ईएस ही उत्क्रांती-पद्धत एक्सॉर पफवर चालवली. एकच प्रश्न पफला अनेकदा विचारला तर काही उत्तरे डळमळतात. डळमळणारे उत्तर म्हणजे त्या प्रश्नाला दोन वाटांतला वेळेचा फरक शून्याजवळ आहे. मॉडेलच्या मते फरक किती आणि प्रत्यक्षात उत्तर किती स्थिर, यांचा सहसंबंध हाच फिटनेस. असे केले की एक्सॉरमधला एकेक पफ सुटा सुटा सापडत जातो आणि पफ वाढवून मिळणारी घातांकी सुरक्षा उरत नाही. पफची नवी रचना करणाऱ्याने हा हल्ला स्वतः चालवून बघितल्याशिवाय ती कागदावरही मांडू नये.

प्रश्न : आम्ही मीटरमध्ये सिक्युअर मायक्रोकंट्रोलर वापरतो. व्होल्टेज ग्लिच (वीजपुरवठ्यात क्षणभराची घट) मारून तो चुका करतो का हे आम्हालाच तपासायचे आहे. सगळे पॅरामीटर पालथे घालायला फार वेळ लागतो. जेनेटिक अल्गोरिदम इथे चालेल का?
— गुणवत्ता विभाग, नाशिक

उत्तर : चालेल, आणि चांगला चालेल. ट्रिगरनंतरचा वेळ, ग्लिचची लांबी आणि व्होल्टेजची घट, या तिघांना शंभर-शंभर पायऱ्या दिल्या तर दहा लाख बिंदू होतात. प्रत्येकाला रीसेटसकट अर्धा सेकंद धरला तरी पावणेसहा दिवस, आणि प्रत्येक बिंदू एकदाच मारून भागत नाही. स्मार्टकार्डांसाठी असा शोध २०१३ मध्येच मांडला गेला आहे.

चिपचे उत्तर तीन प्रकारचे येते. काहीच झाले नाही, चिप गप्प झाली किंवा रीसेट झाली, आणि चुकीचे उत्तर आले. यश पहिल्या दोन प्रदेशांच्या सीमेवर मिळते. म्हणून प्रत्येक बिंदू पाच वेळा मारा. पाचही वेळा सारखेच उत्तर आले तर कमी गुण द्या, कधी नीट आणि कधी गप्प असे मिश्र आले तर जास्त, आणि चुकीचे उत्तर आले तर सर्वात जास्त. इथे क्रॉसओव्हर उपयोगी पडतो, कारण सीमेवरच्या दोन बिंदूंच्या मधला बिंदूही बहुधा सीमेजवळच असतो.

व्होल्टेजची कमाल-किमान मर्यादा जीनच्या व्याप्तीतच घाला, नंतर दंड लावण्यावर विसंबू नका, तोवर चिप जळालेली असते. चांगल्या बिंदूंचे जुने गुण जपून ठेवू नका, प्रत्येक पिढीत पुन्हा मोजा, कारण चिप तापते आणि सीमा सरकते.

चुकीचे उत्तर म्हणजे दरवेळी कूटलेखनातली चूक नसते, तो सिरिअल लाइनवरचा गोंधळही असू शकतो. एईएस-१२८ मध्ये हे ओळखता येते. नवव्या फेरीच्या मिक्सकॉलम्स या पायरीच्या आधी एक बाइट बिघडला तर १६ पैकी बरोबर ४ बाइट बदललेले दिसतात, तेही ठरलेल्या जागी. तशी नक्षी दिसली तर बचाव अपुरा आहे. अशा चुकीच्या काही मोजक्या उत्तरांतून कळ काढता येते.

आणि काहीच सापडले नाही तर अहवालात 'चिप सुरक्षित आहे' असे लिहू नका. किती ग्लिच मारले, तिन्ही पॅरामीटरच्या मर्यादा काय होत्या, तापमान किती होते आणि चिपचे किती नमुने घेतले, ते आकडे लिहा. पुढच्या बॅचची तपासणी करणाऱ्याला तेच लागतील.